येडा सेन्सर आणि आम्ही शहाणे

मेंटेनन्सवाल्याला किस्से शोधावे लागत नाहीत, ते फोन करून येतात! कोलशेतला आमचा पत्र्याचे डबे बनवायचा छोटा कारखाना. तिथले सेन्सर सांभाळणं हे माझं काम. सेन्सर बिचारा त्याला जे जाणवतं ते सांगतो, मोटर त्याप्रमाणे हलते. इतकं सरळ आहे. पण मधे माणसं आली की बोंबला!

* * *

ऑफिसातल्या जोशीबाई ऐन मे महिन्यात शाल पांघरून बसलेल्या. "अहो, तो एसीचा सेन्सर बदला, गारठून मेले मी!"

बघतो तर भिंतीवरच्या सेन्सरखाली चहाची इलेक्ट्रिक किटली! वाफ लागली की त्याला वाटायचं खोली तापली, मग एसी आणखी जोरात.

"बाई, किटली हलवा."

"किटली कशी हलवणार? प्लग तिथेच आहे. सेन्सर हलवा!"

हलवला. काय करणार?

* * *

पाण्याची टाकी अर्ध्याखाली गेली की पंप सुरू, भरली की बंद. मधलं अंतर मुद्दाम ठेवलेलं असतं. शेठना ते बघवेना. "जरा कमी झाली की लगेच भरली पाहिजे. अचूक काम पाहिजे, अचूक!"

मी रजेवर गेलेलो, तेवढ्यात त्यांनी ते अंतरच काढून टाकलं. मग कोणी हात धुतला की पंप सुरू, नळ बंद केला की पंप बंद. सुरू, बंद, सुरू, बंद! मोटर जळली.

वर मलाच ऐकवलं, "तुमचा सेन्सर जरा जास्तच सेन्सिटिव्ह निघाला."

* * *

पत्रा दाबून आकार देणाऱ्या हायड्रॉलिक प्रेसपुढे मी न दिसणाऱ्या किरणांचा पडदा बसवलाय. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. दसऱ्याची सुट्टी संपली आणि प्रेस सुरूच होईना. अख्खी वायरिंग तपासली. शेवटी दिसलं काय, तर सेन्सरच्या काचेवर मधोमध कुंकवाचं बोट! खंडेनवमीची पूजा!

लावणारे घरतकाका, प्रेसवरचे सगळ्यात जुने, कोलशेत गावातलेच.

"काका, तो त्याचा डोळा आहे हो!"

"मंग कपाल कुठं हाय त्याचं, तूच दाव!"

* * *

आणि त्याच प्रेसचा हा आणखी एक किस्सा. काच पुसली तरी काकांच्या पाळीत प्रेस सारखी थांबायची. काका भडकलेले. "तुजा सेन्सर येरा झालाय!" शेठनी निकाल दिला, "माल अडकतोय. शनिवारपर्यंत सुधारला नाही तर पडदा काढून टाका."

पडदा गेला तर काकांच्या हाताला वाली कोण? पुन्हा पुन्हा तपासलं. सेन्सर ठणठणीत!

"काका, तुमचा हात आत जातोय."

"इतकी वरसं प्रेसवर हाय. मी हात घालतच नाय!"

शेवटी मोबाइलवर शूटिंग केलं आणि काका, शेठ दोघांना दाखवलं. प्रेस खाली येतेय, पत्रा जरासा तिरका आणि तो सरळ करायला डावा हात अलगद आत जातोय. प्रेस थांबली.

काकांनी व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा.

"शनिवारचं राहू दे," शेठ हळूच म्हणाले.

काकांनी डावा हात खिशात घातला.

"यो हात माजा नाय रं, बाला!"