गुटखासुर आणि सुलभा

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सावली गावच्या एका शाळेत, खोटी मिशी चिकटवून, पुठ्ठ्याच्या पानटपरीत उभा होतो. तिचे यजमान एवढंच म्हणाले, "सकाळी गेली... प्रयोग संपवूनच ये. तिला अर्धवट आवडायचं नाही." मी संपवला. मिशी तेवढी मध्येच भिजून गळाली.

सुलभा दांडिया बाजारातली माझी शेजारीण, शिक्षणानं संख्याशास्त्रज्ञ. मुलांना व्यसनापासून दूर ठेवायला शाळांत जे कार्यक्रम होतात, त्यांचा खरंच उपयोग होतो का, हे ती तपासायची. माझं नाटक तिच्या हाती लागलं. त्यात मी गुटखासुर! शिंगं, लाल जीभ, आणि पिचकारी अशी की पोरं बाकांवर उभी राहायची. नाटक जिल्हाभर न्यायचं की बंद करायचं, हे तिच्या अहवालावर ठरणार होतं. तिनं चिठ्ठ्या टाकून शाळा निवडल्या. अर्ध्यांना नाटक आधी, उरलेल्यांना तपासणी संपल्यावर. गुटखा खाता का, असं मुलांना नाटकाआधी विचारलं, वर्षानं पुन्हा विचारलं, नाव न लिहिता. मग आमच्या ओट्यावर येऊन म्हणाली, "फरक दिसत नाही रे."

"अगं, हजार मुलांनी टाळ्या वाजवल्या!"

"टाळ्या मी मोजत नाही. आणि हजार कुठली? एका शाळेतली पोरं एकमेकांचं बघून वागतात. शितावरून भाताची परीक्षा होते, पण एका पातेल्यातली हजार शितं म्हणजे हजार पातेली नव्हेत, राक्षसा. माझ्या हिशेबी शाळा मोजायच्या, आणि त्या मूठभर."

"मैत्रीखातर जरा..."

"मैत्रीखातर चहा पाजते. चल."

चहानंतर ती मला एका शाळेच्या मैदानावर घेऊन गेली. मधली सुट्टी होती, पोरं माझंच नाटक खेळत होती. सगळ्यांना गुटखासुर व्हायचं होतं! 'नको' म्हणणारा हरी व्हायला कुणी तयार नव्हतं. मी खूश झालो, आणि मग हळूहळू कळलं...

गुटखासुर मेला. नव्या नाटकात मोठा दादा पुडी पुढे करतो आणि प्रेक्षकांतली मुलं येऊन त्याला नाही म्हणून बघतात. माझ्याकडे उरला पानवाला. सुलभानं नव्यानं चिठ्ठ्या टाकल्या. उत्तरं गोळा झाली आणि ती गेली. बाकीचं काम तिच्या गुजराती विद्यार्थिनीनं, किंजलनं केलं. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला, "काका, फरक छे. नानो छे, पण छे." मी "लहानसा का होईना, फरक आहे!" असं ओरडत शेजारच्या दारापर्यंत गेलो, आणि तिथून परत आलो.

मग छाणीला प्रयोग, थांबून राहिलेल्या शाळांपैकी पहिल्या शाळेत. टपरीतून बघतो तर किंजल रंगमंचाकडे पाठ करून बसलेली. अगदी सुलभासारखी. तीही प्रयोगाला अशीच बसायची, आणि मला तो कायम माझा अपमान वाटायचा.

"अगं, नाटक कोण बघणार?" मी खालच्या आवाजात विचारलं.

"नाटक छोकराओ जोशे, काका. मारे छोकराओने जोवाना."

नाटक पोरं बघणार, आणि ती पोरांना. पोरं खदखदून हसत होती. किंजल मात्र कडेच्या बाकावरच्या, न हसणाऱ्या एका मुलीकडे बघत होती.