डोळ्यावर बसलेला चेंडू

मराठीतल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशात अमेरिकेतल्या एका माजी व्यावसायिक बेसबॉलपटूचं चरित्र होतं. जेमतेम चार ओळी. शेवटची ओळ, ‘दुखापतीमुळे त्याने निवृत्ती घेतली.’ मी सोलापुरात शाळेत इंग्रजी शिकवतो आणि सुट्टीत असले लेख सुधारतो. दुखापत कसली ते शोधताना मला त्या सामन्याचा व्हिडिओ सापडला. तो चेंडू टाकतो, समोरचा सरळ फटका मारतो आणि चेंडू परत येऊन याच्याच डोळ्यावर बसतो. तो मातीत कोसळतो. बोटांच्या फटींतून रक्त गळायला लागतं.

माझा थोरला भाऊ मागे उभा राहून बघत होता. दादा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात होता. यंत्रमागातून उडालेला धोटा, म्हणजे पोलादी टोकांचा लाकडी ठोकळा, लागून त्याचाही एक डोळा गेलेला. घरात तो त्याबद्दल कधी बोलला नव्हता.

“डोळा वाचला का त्याचा?”

“नाही.”

“आन् ज्यानं मारला, त्याला लोकांनी काय केलं?”

“काय करणार? खेळ होता तो.”

दादा खाटेवर बसला. “आमच्या जॉबरला, माग दुरुस्त करतो त्याला, लई हाणलं रे. त्या दिशी दुरुस्ती करताना त्यानं धोटा अडवायची जाळी काढली हुती, परत बसवलीच न्हाय. मी खाली पडलेलो. दिसत कायच न्हवतं. बाकीचे कामगार पान्यानं मारत हुते त्याला. हाड मोडलेलं ऐकलं मी. ‘तू तरी सांग की यांना,’ म्हणून वरडत हुता. माझ्या तोंडात रगत. आवाजच निघंना. त्याला वाटलं असंल, मी मुद्दाम गप ऱ्हायलो.”

पुढे एका जुन्या बातमीत मला सापडलं, की फटका मारणारा खेळाडू दुसऱ्याच दिवशी इस्पितळात जाऊन त्याच्या उशाशी बसला होता. संदर्भ देऊन मी ते लेखात घातलं आणि दादाला वाचून दाखवलं.

“सोताहून गेला?”

“हो.”

रविवारी दादा म्हणाला, “गाडी काढ.”

जॉबरनं दार उघडलं. दादाला बघताच डाव्या हातानं खाडकन थोबाडीत मारली. उजवा हात कोपरात वाकडाच राहिला होता. दादाचा ओठ फुटला. मी पुढे धावलो, तर दादानं मला मागे ढकललं.

“आजून मार,” तो म्हणाला. “पण आधी ऐकून घे.”

दारातच उभं राहून त्यानं सगळं सांगितलं.  मग जॉबर आत वळून बायकोला म्हणाला, “पाणी आण. रगत येतंय याच्या तोंडातनं.”

पुढच्या रविवारी दादा पुन्हा गेला. मला म्हणाला, “तू येऊ नगंस.”