मास्तरांचा सराव

कर्करोगाच्या रुग्णांसाठी देणग्या जमवायला आपण एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत पळणार, असं शिवणकाम करणाऱ्या मास्तरांनी गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगून टाकलं. त्यांची थोरली बहीण त्याच आजारातून नुकतीच उठली होती, त्यामुळे लोकांनीही सढळ हाताने देणग्या दिल्या. मास्तर दोन दिवस पळाले. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून आल्या. तेव्हापासून ते रोज सकाळी बागेतल्या बाकावर तासभर पेपर वाचत, नळाखाली शर्ट भिजवत आणि धापा टाकत घरी जात.

दीड महिन्याने एके सकाळी ते नळ बंद करून वळले, तर समोर ताई. डोक्याला रुमाल बांधून ती हळूहळू चालायला आली होती.

"ताई, मी पळतच नाही गं," मास्तर कसेबसे म्हणाले.

"ठाऊक आहे. तुझ्या शर्टाला घामाचा वास नसतो."

"मग बोलली का नाहीस?"

"दवाखान्यात तू रोज म्हणायचास, आज चेहरा टवटवीत दिसतोय. तेव्हा मी काही बोलले का?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या दिवशी त्यांनी गिऱ्हाइकांना एकेक करून खरं सांगितलं. काहींनी हसण्यावारी नेलं. एका बाईंनी मात्र शिवायला टाकलेलं कापड न बोलता परत नेलं.

शर्यतीत मास्तर निम्मं अंतर चालतच गेले आणि सगळ्यांत शेवटी पोचले. ताई टाळ्या वाजवत होती. त्यांना मान वर करून तिच्याकडे बघवेना.