बर्गलरला फुटलेलं दार लागतं

सोनगीरला पोचलो आणि सुमनअक्कांच्या शिवणाच्या दुकानाचं दार पाहतच राहिलो. चौकटीला ताजा निळा ऑइलपेंट, कडी-कोयंडा नवा, कुलूपही नवं. याच दारातून आठ दिवसांपूर्वी अक्कांची दोन्ही शिलाई मशिनं गेली होती. बाई एकट्या, आणि सगळं पोट त्या मशिनांवर.

मी विम्याचा सर्व्हेयर. चोरीनंतर जागेवर जायचं, काय घडलं ते पाहायचं, रिपोर्ट द्यायचा. अक्कांची पॉलिसी बर्गलरीची. बर्गलर म्हणजे चोर, असं लोक समजतात. पण उघड्या दारातून नेलं तर तो नुसता चोर. फोडून शिरला तर बर्गलर. आपला घरफोड्या तो हाच.

"अक्का, फोडलेलं दार कुठंय?"

"तुम्हीच फोनवर सांगं ना, दखाले येस म्हनीसन. मंग रंग दिन्हा. पाव्हना दखाले येतस ते घर नीट नको का?"

खरं होतं. "उद्या पाहायला येतो," असं मीच म्हणालो होतो. पोलिसांच्या पंचनाम्यातही नुसतं 'चोरी झाली' एवढंच.

मॅनेजरना फोन लावला. "फोर्सिबल एन्ट्रीचा, फोडून शिरल्याचा, पुरावा नसेल तर क्लेम नाही," ते म्हणाले.

आता हे अक्कांना कसं सांगावं? ट्रेनिंगमध्ये ऐकलेलं सांगू लागलो. "या शब्दाच्या मुळाशी जुना लॅटिन शब्द आहे, बर्गस. म्हणजे गढ. तो फोडून शिरतो तो बर्गलर."

अक्कांनी गावाच्या टेकडीवरच्या किल्ल्याकडे बोट केलं. "गढ ते तठे वर शे, भाऊ. मन्हं ते दुकान शे."

हसू आलं, आणि फार वाईटही वाटलं. फाइल मिटून निघालो तर ओट्यापाशी बकरी आडवी. तिची खुंटी पाहून थबकलो. जमिनीत दाराची वाकलेली जुनी कडी ठोकलेली. त्या कडीला लाकडाच्या ढलप्यांसकट उखडलेला कोयंडा, आणि त्यात जुनं कुलूप, बंदच्या बंद.

"चांगलं लोखंड शे," अक्का ओशाळून म्हणाल्या. "फेकानं मन नही व्हयनं."

आधी फोटो काढले. मग अक्कांच्या कमरेची जुनी किल्ली लावली. कुलूप उघडलं. म्हणजे कुलूप याच दाराचं, आणि ते बंद असतानाच चोराने कोयंडा उखडून दार फोडलं होतं.

"फोटोत बकरी कशाला?" मॅनेजरनी विचारलं.

"हलेचना, साहेब."

क्लेम पास झाला. दुकानात मशिनं पुन्हा सुरू झाली. मी मात्र तेव्हापासून फोनवर 'पाहायला येतो' म्हणत नाही. 'येतोय, काही आवरू नका,' एवढंच सांगतो.