सोमलिंगचे खड्डे

सोलापुरात कुंभारी रस्त्याच्या अलीकडे जी नवी वस्ती झाली आहे, तिच्या एका गल्लीत सोमलिंग राहतो. त्याला प्लंबर म्हटलेलं चालत नाही. ‘प्लंबर कुणीबी व्हतंय,’ तो म्हणतो, ‘पान्हा हातात घेतला की झाला. पाण्याच्या मनातलं कळाय पायजे.’ पाण्याच्या मनातलं त्याला कळतं, यात वाद नाही. माणसांच्या मनातलंही कळतं, आणि त्याचा धंदा खरं तर या दुसऱ्या ज्ञानावर चालतो.

एवढ्या जाणत्या माणसाने स्वतःचं घर मात्र बांधलं गल्लीच्या पार शेवटी, जिथे पाण्याची लाइन संपते तिथे. का, तर तिकडे वारा चांगला लागतो. त्याची बायको दाक्षायणी घर बांधल्यापासून हा वारा घागरीत भरता येतो का म्हणून विचारते आहे.

सोलापुरात पाणी रोज येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. चार-पाच दिवसांनी चावीवाला येऊन व्हॉल्व्ह फिरवतो, तेव्हा घराघरात धावपळ उडते. त्या दिवशी कुणी गावाला जात नाही, कुणी आजारी पडत नाही, आणि पडलंच तर आधी पाणी भरून मग पडतं.

खड्ड्यांची सुरुवात वेणीमाधव सरांपासून झाली. सर गणित शिकवून निवृत्त झालेले, गल्लीच्या तोंडाशी त्यांचा बंगला. पाण्याला जोर नाही अशी त्यांची तक्रार होती. सोमलिंगने नळाकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि सांगितलं, ‘सर, जोर कमी असला की पाणी वर चढत न्हाय, खाली पळतंय. तुमचा नळच खाली घिऊ की.’ ओट्यावरचा नळ त्याने कापला, पाइपाशेजारी हातभर खड्डा घेतला आणि नळ त्यात उतरवला. पुढच्या वेळी पाणी असं धो धो आलं की सरांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि ‘इंजिनिअरसाहेब’ म्हटलं. सोमलिंग त्या एका शब्दाने विरघळला.

शेजारच्या बसवेशचं किराणा दुकान. त्याच्या नळाची धार त्याच दिवशी करंगळीएवढी झाली. तो काही गणित शिकलेला नव्हता, पण सरांच्या दारात मातीचा ढीग बघून त्याने हिशेब लावला. ‘अण्णा, सरांच्यापेक्षा जरा खाली घ्या,’ तो सोमलिंगच्या कानात म्हणाला, ‘आणि कुणाला सांगू नगा.’ सोमलिंगने कुणालाही सांगितलं नाही. सांगावं लागलंच नाही. पुढच्या पाण्याला तिसऱ्या घराची धार गेली, मग चौथ्या घराची, आणि सगळे एकामागून एक सोमलिंगच्या दारात आले. फिरून पुन्हा सरांची पाळी आली. प्रत्येकाने त्याला खुर्ची दिली, प्रत्येकाने इंजिनिअरसाहेब म्हटलं.

असं करता करता गल्लीत नळ दिसेनासे झाले. खड्ड्यांना पायऱ्या आल्या, लोखंडी झाकणं आली, झाकणांना कुलपं आली. टेंभुर्णीहून लेकाकडे राहायला आलेल्या म्हाताऱ्या बजाबाईला तर पाणी भरून झालं की दोघांनी धरून वर ओढावं लागे. ‘गावाकडं हिरीत उतरत न्हवते,’ ती म्हणायची, ‘आन् हितं शेरात येऊन नळात उतराया लागले.’

या सगळ्यात सोमलिंगच्या घरी पाणी यायचं बंद झालं. त्यानेही खड्डा खणला होता, पण गिऱ्हाइकांचा एकेक नळ खाली जाताना शेवटच्या घरापर्यंत पोचायला पाणी उरेना. ज्याने सगळ्यांना पाणी दिलं त्याची बायको घागर घेऊन सरांच्या दारात उभी राहू लागली. सरांच्या पत्नी शकुंतलाबाई ‘या की, या’ म्हणायच्या, पण आपलं भरून झाल्यावर. दाक्षायणीचे गुडघे दुखायचे, त्याहून हे जास्त दुखायचं.

‘न्हाय म्हणायला तोंड न्हाय का तुमाला?’ ती विचारायची.

‘धंदा हाय माझा,’ सोमलिंग म्हणायचा. खुर्चीचं आणि चहाचं तो बोलत नसे.

मग एका पावसाळ्यात गटार तुंबलं आणि सगळे खड्डे घाण पाण्याने भरले. पाणी बंद झालं की रिकामी लाइन आत ओढ घेते. खड्ड्यात बुडालेल्या नळांतून तिने ती घाण पोटात घेतली आणि पुढच्या खेपेला घरोघर इमानदारीने वाटून दिली. गल्लीतले सगळे अंथरुणाला खिळले. सगळ्यांत वाईट अवस्था झाली सरांच्या दारातून आणलेलं पाणी प्यायलेल्या दाक्षायणीची. तिला सलाइन लावावं लागलं, आणि सोमलिंग दवाखान्यातल्या खाटेशी बसून त्या बाटलीतले थेंब बघत राहिला. ही घाण कुठल्या खड्ड्यातून आली हे शोधायची गरज नव्हती. सगळे त्यानेच खणले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःच्या हातांची भीती वाटली.

दाक्षायणीने डोळे उघडले आणि बारीक आवाजात म्हणाली, ‘एकदा तरी आपल्या नळाचं पाणी भरू द्या की मला.’

ती घरी आली तशी सोमलिंग घरोघर फिरायला लागला. नळ सगळ्यांनी परत ओट्यावर घ्यायचे, खड्डे बुजवायचे. सगळ्यांना हे मनापासून पटलं. एकच अट होती, आधी शेजाऱ्याचा नळ वर जाऊ दे. वेणीमाधव सरांनी तर या विषयावर छोटंसं व्याख्यान दिलं आणि शेवटी, बसवेशचं झालं की मला सांगा, असं म्हणाले. बसवेशचंही सरांबद्दल तेच म्हणणं होतं.

अखेर सोमलिंगने दम भरला. दोन पाण्यांच्या मधल्या एकाच दिवशी सगळ्यांचे नळ वर येतील, जो अडेल त्याच्या घरची गळकी तोटीसुद्धा तो आयुष्यात बघणार नाही. गल्ली घाबरली. त्या दिवशी त्याने पाइप वाढवले, नळ वर आणले, खड्ड्यांत माती लोटली. दोन्ही टोकांना पाणी सारखं दाखवणारी लेव्हलची पारदर्शक नळी घेऊन तो दारोदार फिरला, आणि सर त्याच्या मागून, कुणाचा नळ बोटभर तर खाली राहिला नाही ना ते बघत.

पाण्याचा दिवस आला. चावीवाल्याने व्हॉल्व्ह फिरवला. घरोघर धार आली, बारीकच, पण सगळीकडे सारखी. शेवटच्या घरी नळ आधी खोकला, त्याने नुसती हवा सोडली, आणि मग बोटाएवढी स्वच्छ धार पडली. दाक्षायणी ओंजळ धरून तशीच उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. मग तिने हंडे भरले, घागरी भरल्या, तांबे भरले, शेवटी वाट्यासुद्धा भरल्या. सोमलिंगला वाटलं, इंजिनिअर म्हणजे हेच असावं.

गल्लीत मात्र कुरकुर सुरू झाली होती. पहिलं बरं होतं, निदान पाणी तरी जोरात यायचं, असं जो तो म्हणत होता.

दुपारी दारावर टकटक झाली. वेणीमाधव सर होते. इकडेतिकडे बघून ते हळूच म्हणाले, ‘इंजिनिअरसाहेब, जरासाच खाली घेता येईल का? वीतभर. हिला दम्याचा त्रास आहे हो.’

‘न्हाय सर,’ सोमलिंग म्हणाला. एवढी वर्षं तोंडातून न निघालेला शब्द असा सहज निघाला याचं त्यालाच नवल वाटलं. ‘आता हितं कुणाचाबी नळ खाली जाणार न्हाय.’

सर मान खाली घालून गेले. सोमलिंग छाती फुगवून आत वळला. दाक्षायणी नळ पदराने पुसत होती. सगळं तिने ऐकलं होतं.

‘बरं केलं, न्हाय म्हणलं ते,’ ती म्हणाली. ‘आता ते दुसरा प्लंबर आणणार.’

‘आणू दे की.’

‘आणू दे काय? उद्या सरांचा खाली गेला की परवा बसवेशचा जाईल. मग मी परत घागर घिऊन जाऊ व्हय तितं?’ तिने कोपऱ्यातली कुदळ उचलून त्याच्या पुढ्यात ठेवली. ‘आत्ताच घ्या आपला खाली.’

सोमलिंगने तिच्याकडे पाहिलं. सलाइनच्या सुईचा डाग तिच्या हातावर अजून काळानिळा होता.

‘किती खाली?’ त्याने विचारलं.

‘सरांचा जाईल, त्याच्या खाली,’ दाक्षायणी म्हणाली.