रतांबा मुलुंडला निघाला

लोक काशीला जाऊन येतात आणि चार पानं लिहितात. मी विक्रोळीहून मुलुंडला जाऊन आलो. पण मांडीवर रतांब्याचं (कोकमाचं) रोप होतं, म्हणून लिहितोय.

बायकोने गावाहून बी आणून तेलाच्या डब्यात रुजवलं होतं. ती दिवाळीत गेली. मी डबा गॅलरीत चांगल्या उन्हात काढला, रोज पाणी घातलं, तरी पानं गळत गेली. चार उरली. शेजारी म्हणाला, "मुलुंडला कॉलनीवाल्यांनी मिळून फळबाग केलीय. तिथे न्या, नाहीतर हे जाणार."

बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "आजोबा, ह्या पाहुण्याचं तिकीट?"

"मांडीवरच्या पोराला तिकीट असतं काय रे?"

हसत मागे गेला. तेवढ्यात खिडकीतल्या गरम वाऱ्याने एक पान उडवलं. उरली तीन.

बाग डोंगराच्या पायथ्याशी. रस्त्यावर ऊन भाजत होतं आणि आत शिरलो तर डोक्यावर आंबा, फणस, जांभूळ. रिटायर झालेली माणसं, बायका, कॉलेजातल्या पोरी हातोहात बादल्या पुढे देत होत्या. पाण्यापेक्षा गप्पाच जास्त सांडत होत्या. वंदनाताई म्हणून एक बाई, साडीवर नवऱ्याचा शर्ट घालून, आळी (बुंध्याभोवतीचे पाण्याचे खळगे) साफ करत होत्या. बागेचा कारभार त्यांच्याकडे.

म्हटलं, "खड्डा दाखवा, लावून टाकतो."

"मे महिन्यात? मारायचंय काय त्याला?"

"आधी जिवंत आहे का ते बघा."

त्यांनी नखाने खोडाची साल जराशी खरवडली. मी दुसरीकडे बघत राहिलो.

"काका, इकडे बघा ना. हिरवं आहे."

होतं हिरवं. मी खालीच बसलो. कोणीतरी तिखटमीठ लावलेली कैरीची फोड हातात दिली.

"लहानपणी ह्याला सावली लागते," वंदनाताई म्हणाल्या. "पावसापर्यंत डब्यातच आंब्याखाली राहू दे."

बायको डबा दाराआड ठेवायची. मला वाटायचं, जागा नाही म्हणून.

बागेची एक रीत आहे. आणणाऱ्याने झाडाला नाव द्यायचं, मगच पहिलं पाणी. म्हटलं, "बायकोचंच द्या."

"काय नाव त्यांचं?"

झाली पंचाईत. जन्मभर तिला 'आयकलंस काय' अशीच हाक मारली. नाव तोंडातून निघेना.

"काका लाजले गं," एक पोरगी ओरडली. "उखाण्यात घ्या!"

बादल्या थांबल्या. सुटका नव्हती. घेतलं:

"रतांब्याचं आगळ लालेलाल,
सुमतीचं नाव घेतो, पाणी कधी घालाल?"

(आगळ म्हणजे रतांब्याचा मीठ घातलेला रस.) सगळी बाग हसली, मीपण. वंदनाताईंनी तांब्या माझ्याच हातात दिला. वर मंगळवारची पाळीही गळ्यात मारली.

परतीला तोच कंडक्टर. "पाहुणे कुठे सोडले?"

"माहेरी."

बोलून गेलो आणि मलाच पटलं. दर मे महिन्यात ती माहेरी जायची, घर असंच रिकामं असायचं. तेव्हा मी नुसती वाट बघत बसायचो. आता मंगळवारी मलाच जायचंय, पाणी घालायला.