चान्यांचं पाणी

दुष्काळाच्या त्या वर्षी मला पाण्यापेक्षाही जास्त कुणी छळलं असेल, तर मिठानं.

मामंजींना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, खडी फोडण्याच्या कामावर भोवळ आली. नगरच्या डॉक्टरांनी रक्तदाब मोजून मीठ तोडायला सांगितलं. नाहीतर पुढच्या खेपेला अंग लुळं पडेल, म्हणाले. आता तिसगावजवळच्या आमच्या घरात मीठ तोडायचं म्हणजे चान्या तोडायच्या. मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मुठीनं मीठ चोळून दोरीवर वाळवायच्या आणि मडक्यात भरून महिनोन्महिने पुरवायच्या, त्या चान्या. मामंजींना त्यांच्यावाचून घास उतरत नसे.

मी आधी मीठच कमी चोळून पाहिलं. दोरीवर अळ्या पडल्या. आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, नाकाला पदर लावून मला ऐकवलं, "शाळा शिकलीस, पन मीठ कशापायी लावत्यात ते ठावं न्हाई व्हय?"

मग दुसरी युक्ती केली. चान्या नेहमीसारख्या खारवायच्या, पण रांधायच्या आधी भिजत घालून ते पाणी काढून टाकायचं. गेलेली चव लसूण, दगडफूल, भाजलेला कांदा आणि चिंचेच्या कोळानं भरून काढायची. वरून मिठाचा कणही नाही. मामंजींनी बोटं चाटली. "मीठ न्हाई म्हन्ती? खोटं बोलती ही," म्हणाले. मी हरखून गेले.

पुन्हा नगरला गेलो तर दाब होता तिथंच. डॉक्टर माझ्यावरच डाफरले. घरी येऊन मी मिठाची बरणी पेटीत कुलूपबंद केली, लोणचं शेजारी देऊन टाकलं, मामंजींचे खिसेसुद्धा चाचपले. काही उपयोग नाही. इतकं करूनही या माणसाच्या पोटात मीठ जातं कुठून? माझं डोकं फिरायची पाळी आली.

एका सकाळी आत्याबाई रेशनच्या लाल ज्वारीचं पीठ मळत होत्या. शेजारी माझं पातेलं होतं, चान्या भिजवलेलं; चान्या काढून घेतल्या की पाणी ओतून द्यायला मी ते रोज त्यांच्याकडंच सोपवायचे. त्यातलंच पाणी त्या पिठात ओतत होत्या.

"आत्याबाई, अहो, हे फेकायचं पाणी!"

"फेकायचं?" त्या माझ्यावरच खेकसल्या. "टँकरमागं पळून आनलेलं पानी फेकायचं? आन् मटनाचा सगळा कस उतरलाय की त्यात. त्येंच्या अंगात ताकद नगं? रोज ह्याचीच भाकर घालते मी त्येंस्नी."

मी कपाळावर हात मारून घेतला. संतापावं तरी कुणावर? पाण्यासाठी वणवण करून त्या बाईच्या टाचा फुटल्या होत्या. "कस नाही हो, मीठ उतरलंय त्यात," मी म्हणाले. "मी काढलेलं सगळं मीठ."

त्यांचे हात पिठातच थांबले. "म्हंजी म्याच..." एवढंच त्या बोलल्या. मग उठून पातेलं शेळीपुढं ठेवून आल्या आणि नवं पीठ घेऊन साध्या पाण्यानं मळायला बसल्या.

दुपारी मामंजींनी पहिलाच घास घेऊन ताट सरकवलं. "भाकर अळनी हाय."

त्यांच्याआधी कधी तोंडात घास न घालणाऱ्या आत्याबाई समोर येऊन बसल्या. त्याच भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी तोंडात घातला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"व्हय, अळनी हाय. मी बी आता हीच खानार. खावा."

मामंजींनी गुमान ताट जवळ ओढलं.